‘कुरुक्षेत्र’ वाचताना : युद्धाचे उत्तरदायित्व कोणाचे?

गेल्या अंकात या सदरात रामधारी सिंह ‘दिनकर’ यांच्या ‘कुरुक्षेत्र’ या हिंदी काव्याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या खेपेचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहे. ज्यांनी हे काव्य वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या या काव्याचे सात सर्ग आहेत. भारतीय युद्ध संपलेले आहे, पांडव जिंकलेले आहेत, आणि त्या विजयाने पोळलेला युधिष्ठिर शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे जातो. युद्ध, शांती आणि न्याय यांविषयी त्या दोघांत जे बोलणे होते, तेच हे काव्य. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, कारण काही पत्रे घरगुती स्वरूपाची आहेत.

प्रश्न (सांगली) : शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी भाषणाचा शेवट ‘क्षमा शोभती उस भुजंग को, जिसके पास गरल हो’ या ओळींनी केला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या ओळी ‘कुरुक्षेत्र’मधील आहेत असे नंतर कळले. हे काव्य युद्धाचा पुरस्कार करते असे समजावे काय?

उत्तर : या ओळी तिसऱ्या सर्गातील असून त्या भीष्मांच्या तोंडी आहेत. ज्या सापाजवळ विष आहे त्यालाच क्षमा शोभते, दात पडलेल्या निर्विष सापाने क्षमा केली काय आणि न केली काय, असा त्यांचा सरळ अर्थ आहे. त्यांच्यालगतच रामाचा प्रसंग येतो. तीन दिवस समुद्रकाठी बसून राम वाट मागत राहिला, समुद्राने दाद दिली नाही, आणि बाण हाती घेताच तो शरण आला. ही कडवी वेगळी काढून ‘शक्ति और क्षमा’ या नावाने हिंदीच्या शालेय पुस्तकांत वर्षानुवर्षे लावलेली आहेत. त्यामुळे पुष्कळांना ती स्वतंत्र कविता वाटते, आणि ज्यांनी मूळ काव्य उघडूनही पाहिले नाही त्यांनाही ती तोंडपाठ असते.

माझ्याजवळची प्रत जुनी आहे. तिचा तिसरा सर्ग शिवणीतून सुटून बाहेर आलेला आहे, पाचव्या सर्गाची पाने मात्र ती माझ्याकडे आली तेव्हा जवळजवळ कोरी करकरीत होती. आधीच्या मालकाने कोणता सर्ग वाचला आणि कोणता वाचला नाही हे त्यावरून उघड दिसते, आणि आपल्या पाहुण्यांविषयीही मला तेच वाटते.

प्रथम तिसरा सर्गच घेऊ. त्याची सुरुवातच ‘समर निंद्य है’ या शब्दांनी होते. युद्ध निंद्य आहे हे भीष्म पहिल्याच ओळीत मान्य करतात आणि मग धर्मराजाला विचारतात की, अनीतीवर उभी असूनही जी साधीभोळी म्हणून मिरवते ती शांती तरी कसली? ज्यांच्या हाती सत्ता आणि संपत्ती आहे त्यांना शांती हवीच असते, कारण शांततेत त्यांचे काहीच जात नाही. ज्याच्या ताटातले ओढून घेतले त्याने हात उचलला की मात्र शांतिभंग झाला अशी ओरड होते. या विचाराचा गाभा दिनकरांनी चार सोप्या ओळींत मांडला आहे : ‘शान्ति नहीं तब तक, जब तक / सुख-भाग न नर का सम हो, / नहीं किसी को बहुत अधिक हो, / नहीं किसी को कम हो।’ सापाच्या ओळींना टाळ्या देणाऱ्या सभागृहात या ओळीही म्हणून दाखवाव्यात, मग भीष्मांचे बोलणे केवळ शस्त्रबळाविषयी नाही हे श्रोत्यांच्या ध्यानात येईल.

त्याआधी दुसऱ्या सर्गात वादळाचा दृष्टान्त आला आहे. भीष्म युधिष्ठिराला विचारतात, तुफान कधी पाहिले आहेस का? ते काळासारखे रानात शिरते आणि झाडे मोडीत जाते, पण ते काही एका क्षणात जन्माला आलेले नसते. निसर्गाच्या पोटात कितीतरी दिवस साचलेली आग एके दिवशी बाहेर पडते. माणसांच्या मनांतले विकारही असेच एकमेकांना भेटून पेटतात आणि युद्ध होते. कुरुक्षेत्रावर लढले ते काही केवळ दोन घरांतले भाऊ नव्हते, साऱ्या भारतवर्षात साचलेल्या वैराचा तो स्फोट होता, असे दिनकरांचे भीष्म म्हणतात. युद्धाची चर्चा आपण नेहमी रणशिंग फुंकले त्या दिवसापासून सुरू करतो, हे काव्य ती त्याच्या कितीतरी वर्षे मागे नेते. युद्ध हे क्रूर आणि निंद्य कर्म आहे हे मान्य करूनच दिनकर आपल्या प्रस्तावनेत विचारतात की, त्याचे उत्तरदायित्व कोणावर, अन्यायाचे जाळे पसरून प्रतिकाराला आमंत्रण देणाऱ्यावर, की ते जाळे तोडायला उतावीळ झालेल्यावर?

आता पाहुण्यांच्या हातून काय झाले ते सांगतो. हे शब्द भीष्मांनी लढाईला निघालेल्या तरुणांपुढे उच्चारलेले नाहीत. ज्याने युद्ध केले, जिंकले, आणि जो आता ‘हाय पितामह, महाभारत विफल हुआ’ असा टाहो फोडून त्यांच्या पायांशी आला आहे, अशा माणसाला ते उद्देशून आहेत. पश्चात्तापाने कोसळू पाहणाऱ्याला सावरण्यासाठी एका वृद्धाने केलेला तो युक्तिवाद आहे. तो उचलून युद्धाच्या आधी नेऊन ठेवला, की शब्द तेच राहतात पण त्यांची दिशा उलटी होते.

आणि भीष्मांचा युक्तिवाद ऐकून युधिष्ठिर गप्प बसत नाही, हे तर फारच थोडे लोक सांगतात. पाचव्या सर्गात तो पुन्हा उभा राहतो. सुयोधन (म्हणजे दुर्योधन) हट्टाला पेटला म्हणून मी माझे व्रत सोडायचे होते काय, तो विषाच्या चिखलात रुतला होता म्हणून मीही त्यात उतरायचे होते काय, द्रौपदीच्या अपमानाचा बदला साऱ्या देशाच्या नाशाने चुकवायचा होता काय, असे एकामागून एक प्रश्न तो विचारतो. आणि सवैया या हिंदी छंदाच्या ठेक्यात थेट पितामहांनाच सवाल करतो : ‘नर-नाश का दायी था कौन? सुयोधन या कि युधिष्ठिर का दल? बोलिये।’ त्यातले ते ‘बोलिये’ मोठ्याने वाचून पाहावे, म्हणजे नातवाने आजोबांना कोंडीत पकडल्यासारखे वाटते.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, हे काव्य युद्धाचा पुरस्कार करीत नाही, आणि अन्याय मुकाट्याने सोसण्याचा तर त्याहूनही करीत नाही. तिसरा आणि पाचवा सर्ग ज्याने एका बैठकीत वाचले नाहीत त्याने यातील ओळ व्यासपीठावरून म्हणू नये असे मला मनापासून वाटते. काव्याची एक अडचणही येथेच नोंदवतो. आपल्यावर अन्याय झाला आहे असे दुर्योधनालाही वाटतच होते. ज्याचे स्वत्व, म्हणजे हक्काचे ते, हिरावले गेले त्याने लढावे हे भीष्मांचे म्हणणे मान्य केले, तरी खरोखर कोणाचे हिरावले गेले याची कसोटी त्यांनी सांगितलेली नाही. तिच्या सर्वांत जवळ जातो तो पाचव्या सर्गातला युधिष्ठिर, कारण दोष कोणाचा हे शोधताना तो स्वतःच्या पक्षाला वगळत नाही.

प्रश्न (नागपूर) : मी निवृत्त हिंदी शिक्षक आहे. ‘कुरुक्षेत्र’ला महाकाव्य म्हणावे की नाही यावर आमच्या वाचक मंडळात वाद झाला. शिवाय महाभारताच्या शांतिपर्वात हे सारे असताना ते पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन काय, असाही प्रश्न निघाला.

उत्तर : पहिल्या वादात मी फार वेळ घालवणार नाही. ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्रग्रंथाचा कर्ता विश्वनाथ याच्या लक्षणानुसार महाकाव्याचे सर्ग आठांहून अधिक असावे लागतात. येथे ते सात आहेत, कथानक जवळजवळ नाही, ऋतुवर्णने नाहीत. लक्षणांनी मोजले तर ते महाकाव्य ठरत नाही आणि विषयाच्या आवाक्याने मोजले तर ठरते. आपल्या मंडळाने त्याला विचारप्रधान प्रबंधकाव्य, म्हणजे एका सूत्रात गुंफलेले सलग काव्य, म्हणावे आणि पुढे जावे.

दुसरा प्रश्न मोलाचा आहे. दिनकरांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे की व्यासांचे अनुकरण करणे किंवा महाभारत पुन्हा सांगणे हा आपला हेतू नव्हता. आपल्याला सांगायचे होते ते युधिष्ठिर आणि भीष्म यांच्यावाचूनही सांगता आले असते, पण मग त्याचे प्रबंधकाव्य न होता सुटी मुक्तके झाली असती, असेही ते म्हणतात. त्यांच्या मनात हा विषय प्रथम आला तो अशोकाच्या निमित्ताने. ‘कलिंग-विजय’ ही कविता त्यांनी आधी लिहिली. जिंकल्यावर खिन्न झालेल्या अशोकाकडून ते जिंकल्यावर खिन्न झालेल्या युधिष्ठिराकडे वळले, आणि युद्धाचा प्रश्न मनात घेऊन द्वापरयुगापर्यंत मागे गेले.

व्यासांच्या आणि दिनकरांच्या रचनेतला फरक पाहण्यासाठी शांतिपर्वाचा आरंभ वाचावा. तेथे युधिष्ठिराचा शोक सुरू होतो तो कर्णामुळे. आपण ज्याला मारले तो सख्खा भाऊ होता हे कळल्यावर त्याला राज्य नकोसे होते, तो वनात जायला निघतो, आणि मग अर्जुन, भीम, नकुल, सहदेव आणि द्रौपदी, सारेच त्याच्याशी वाद घालतात. द्रौपदीचे भाषण तर चांगलेच तिखट आहे. त्यानंतर व्यास आणि कृष्ण त्याची समजूत घालतात आणि मग कोठे तो भीष्मांकडे जातो, जेथे राजधर्मापासून मोक्षधर्मापर्यंत शेकडो अध्यायांचा उपदेश आहे. आपल्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि जिचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले, तिच्यातील शांतिपर्वाचे संपादन श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी केले होते. तो विस्तार नुसता हाती धरून पाहिला तरी दिनकरांनी किती कापले याची कल्पना येते.

दिनकर हा सारा मेळा बाजूला करतात आणि दोनच माणसे समोरासमोर ठेवतात. त्यातला एक तर हलूही शकत नाही. दुसऱ्या सर्गाच्या आरंभीचे चित्र पाहा : आलेल्या मृत्यूला भीष्म सांगतात की अजून जाण्याचा योग नाही, जवळच कोठेतरी थांबून राहा, आणि स्वतः बाणांच्या शय्येवर, बाणाचीच उशी करून पडून राहतात. दाराशी मृत्यू ताटकळत बसला आहे आणि त्याला बसवून ठेवणारा म्हातारा नातवाशी न्यायाविषयी बोलतो आहे. एवढ्या एका चित्राने पुढच्या सर्व तत्त्वचर्चेला जे वजन येते ते नुसत्या निबंधाला कधीच आले नसते. आपल्या मंडळातील ज्यांनी प्रयोजन विचारले त्यांना हे चित्र दाखवावे.

या कापाकापीत एक गोष्ट मात्र गेली ती जायला नको होती, आणि ती म्हणजे द्रौपदीचा आवाज. सारा वाद तिच्या अपमानाभोवती फिरतो, दोघेही पुरुष तिचे नाव पुनःपुन्हा घेतात, पण ती स्वतः बोलत नाही. व्यासांनी तिला बोलू दिले होते.

भीष्मांच्या बाबतीत मात्र दिनकरांनी डोळेझाक केलेली नाही. भर सभेत वस्त्रहरण चालू असताना जो गप्प बसला, त्याने न्यायासाठी लढण्याचा उपदेश करावा काय, हा आक्षेप वाचकाच्या मनात येणारच. तो कवीच्याही मनात आला होता, आणि म्हणून चौथ्या सर्गात भीष्म स्वतःविरुद्ध साक्ष देतात. धर्म आणि स्नेह यांच्या ओढाताणीत मी बुद्धीचे ऐकत राहिलो आणि हृदयाला दाबून टाकले, देह कौरवांना दिला आणि मन पांडवांना, आणि वेळेवर हृदयाचे ऐकले असते तर कदाचित हा संहार टळला असता, अशा आशयाचा त्यांचा कबुलीजबाब आहे. मराठी वाचकाला येथे इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील भीष्मांवरचा लेख आठवेल. इरावतीबाई भीष्मांच्या वागण्याचा हिशेब बाहेरून मांडतात, दिनकर तो भीष्मांनाच मांडायला लावतात.

प्रश्न (सातारा जिल्हा) : माझा मुलगा सैन्यात आहे आणि सध्या सरहद्दीवर आहे. आपल्या सदरात या काव्याचे नाव वाचून ग्रंथालयातून ते आणले, पण हिंदी कठीण वाटली आणि चार पानांवर थांबले. माझ्यासारखीला यात काही आहे का, एवढेच सांगावे.

उत्तर : ताई, आपण ज्या चार पानांवर थांबलात तीच आपली पाने आहेत. पहिल्या सर्गाच्या पहिल्याच ओळीत कोणीतरी रडते आहे, आणि ते रडते आहे इतिहासाच्या अशा एका प्रकरणावर, ज्यात लिहिले आहे की तरुणांच्या रक्ताचे मोल म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या, कुटिल मुत्सद्द्याच्या शब्दावरचा विश्वास. त्या मुत्सद्द्याचे केस जितके पांढरे तितकेच मन मळकट, असे कवी म्हणतो. तो स्वतः लढत नाही, कोवळी पोरे कापून घेतो, आणि मग निवांत होऊन मनाशी म्हणतो की रक्त सांडले खरे, पण देशाची लाज राखली. या ओळींत सैनिकाविरुद्ध एक अक्षरही नाही. सारा संताप त्याला पाठवणाऱ्याविषयी आहे.

हे कवीला सुचले तो काळही आपण ध्यानात घ्यावा. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या वर हिंदी तरुण सैन्यात होते, आणि १९३९च्या सप्टेंबरात व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याची घोषणा केली तेव्हा या देशातील कोणालाही विचारलेले नव्हते. आपल्याकडची किती घरे त्यात गुंतलेली होती हे सातारा जिल्ह्याला सांगायला नको. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत, सारे सोबती पडल्यावर, एकट्याने शत्रूचे ठाणे घेऊन तेथेच कामी आले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या शौर्यापुढे मान लवतेच. पण इटलीतल्या त्या टेकडीशी कोकणातल्या पळसगावच्या या मुलाचे काय भांडण होते, हा प्रश्नही त्याच वेळी मनात येतो, आणि दिनकरांचा पहिला सर्ग अशाच प्रश्नातून निघाला आहे.

युधिष्ठिराच्या मनात पुढे जे येते तेही ऐका. द्रौपदीने दिव्य वस्त्रालंकार ल्यावेत आणि आम्ही राज्य भोगावे, एवढ्यासाठी कोट्यवधी माता आणि स्त्रिया पुत्रहीन, पतिहीन झाल्या, असे तो म्हणतो. ‘पाँच ही असहिष्णु नर के द्वेष से / हो गया संहार पूरे देश का’, हे त्या जेत्याचे स्वतःविषयीचे शब्द आहेत. जिंकलेल्या राजाने आधी मातांची आठवण काढावी, हे मला या काव्यातले सर्वांत मोठे वाटते. त्याच सर्गात रणात पडलेल्यांचा आवाज त्याला ऐकू येतो. आम्ही आता पार गेलो आहोत, तुझा विजय आमच्यापर्यंत पोहोचत नाही, असे ते जणू त्याला सांगतात.

दिलासा द्यावा असे मला वाटते, पण खोटा दिलासा मी देणार नाही. लढणे कधी अटळ होते हे भीष्म सांगतात, म्हणून आपल्या मुलाचे काम हीन ठरत नाही. आणि ते अटळ होऊ न देण्याची जबाबदारी इतरांची, म्हणजे आम्हा घरी बसणाऱ्यांची आणि राज्य चालवणाऱ्यांची असते, हेही हे काव्य सांगते. मधले सर्ग कठीण गेले तर सोडून द्यावेत आणि सातव्या सर्गाचा शेवट वाचावा. ‘आशा के प्रदीप को जलाये चलो धर्मराज’ ही ओळ समजायला हिंदीची पदवी लागत नाही. पृथ्वी एक दिवस युद्धाच्या भयातून सुटेल, असे मरणाच्या उंबरठ्यावरचा सर्वांत जुना योद्धा तेथे सांगतो आहे. चिरंजीव सुखरूप घरी यावेत ही मनापासून प्रार्थना.

प्रश्न (मुंबई) : मी महाविद्यालयात हिंदी साहित्य शिकते. ‘कुरुक्षेत्र’ आणि धर्मवीर भारती यांचे ‘अंधा युग’ या दोन्ही कृती महायुद्धानंतरच्या आणि महाभारतावरच्या आहेत. मग दोन्हींचा सूर इतका निराळा का?

उत्तर : ‘अंधा युग’ हे काव्यनाटक १९५४ सालचे, म्हणजे दोन्हींत आठच वर्षांचे अंतर आहे, पण त्या आठ वर्षांत फाळणी होऊन गेली होती. भारतींचे नाटक युद्धाच्या अठराव्या दिवसाच्या संध्याकाळी सुरू होते. तेथे पराभूतांची नगरी आहे, आंधळा राजा आहे, पुत्र गमावलेली गांधारी आहे, आणि सूडाने पशू झालेला अश्वत्थामा आहे. दिनकर विजेत्याला बोलते करतात, भारती हरलेल्यांना. विजेत्यापुढे निदान पुढे काय करायचे हा प्रश्न तरी असतो, म्हणून दिनकरांच्या काव्याला पहाट दिसते. अश्वत्थाम्यापुढे तोही प्रश्न नाही.

दोघांनाही नव्या शस्त्राचे भय आहे, पण ते दाखवण्याची रीत वेगळी आहे. भारती ब्रह्मास्त्राच्या रूपाने ते रंगभूमीवर आणतात. अस्त्र सुटले तर पृथ्वीवर शतकानुशतके काही उगवणार नाही हे व्यासांचे बोलणे ऐकताना प्रेक्षकाला हिरोशिमाच आठवते. दिनकरांनी मात्र त्यासाठी सहाव्या सर्गात भीष्म-युधिष्ठिरांना चक्क बाजूला केले आणि स्वतः पुढे येऊन आजच्या माणसाशी बोलले. विज्ञान ही जर तलवार असेल तर मोह सोडून ती फेकून दे, असा त्यांचा इशारा आहे. हिरोशिमानंतरच्या वर्षी हे पुस्तक वाचकांच्या हाती पडले हे लक्षात घेतले की या ओळींची धग कळते. रचनेच्या दृष्टीने सहावा सर्ग काव्याला ठिगळासारखा लागला आहे असे काही अभ्यासक मानतात. मला ते पटते, पण कवीला तेथे राहवले नाही हेही दिसते आणि त्यामुळे तो सर्ग मला आवडतो.

आपण मुंबईत आहात म्हणून सांगतो की दिग्दर्शक सत्यदेव दुबे यांनी ‘अंधा युग’ १९६२ साली याच शहरात रंगमंचावर आणले होते, आणि ‘धर्मयुग’ या हिंदी साप्ताहिकाचे संपादक म्हणून भारती १९६०पासून येथेच राहिले. दोन्ही कृतींवर निबंध लिहिणार असाल तर दोन्हीकडच्या युधिष्ठिराची तुलना करावी. ‘अंधा युग’मधला युधिष्ठिर राज्य करूनही खचत जातो, ‘कुरुक्षेत्र’मधला खचून आलेला युधिष्ठिर राज्य करायला परत जातो.

प्रश्न (कोल्हापूर) : दिनकर गांधीजींना मानत होते की नव्हते? ‘कुरुक्षेत्र’ वाचून उलगडा होत नाही.

उत्तर : होत नाही, कारण तो त्यांचा त्यांनाच झालेला नव्हता. ते स्वतःला वाईट गांधीवादी म्हणवत. सिमरिया या गंगाकाठच्या बिहारी गावात १९०८ साली जन्मलेल्या या कवीची तरुण कविता स्वातंत्र्याच्या आवेशाने भरलेली होती, आणि नोकरी मात्र ब्रिटिश सरकारची होती. ते सब-रजिस्ट्रार होते आणि महायुद्धाच्या काळात त्यांची नेमणूक युद्धप्रचार खात्यात झाली. बेचाळीसचे आंदोलन चिरडले जात असताना आणि बंगालात दुष्काळाने माणसे मरत असताना त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला शांती या शब्दाविषयी काय वाटत असेल? सत्तेला हवी असलेली शांती त्याने टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिली होती, असे मला ‘कुरुक्षेत्र’ वाचताना सारखे वाटत राहते.

गांधीजींशी त्यांचा खरा मतभेद दुसऱ्या सर्गातील एका कडव्यात आहे. तप, करुणा, क्षमा, विनय, त्याग ही व्यक्तीची भूषणे आहेत, पण प्रश्न समुदायाचा उभा राहिला की तप आणि त्याग विसरावे लागतात, असे भीष्म म्हणतात. गांधीजींनी आयुष्यभर नेमके याच्या उलट सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. व्यक्तीचे गुण समुदायाने अंगी बाणवले तर तेच शस्त्र होते, हा त्यांचा दावा होता. येथे मी दिनकरांच्या बाजूचा नाही. दांडीला जाणाऱ्यांच्या अंगात भीष्मांना वाटते तसली दंतहीन क्षमा नव्हती, आणि भ्याडपणा व हिंसा यांतूनच निवड करायची असेल तर मी हिंसेचा सल्ला देईन, असे गांधीजींनी स्वतः १९२० साली ‘यंग इंडिया’त लिहून ठेवले आहे. अहिंसा म्हणजे दुबळेपणा हे समीकरण भीष्मांनी फार चटकन मांडले.

याउलट सातव्या सर्गात भीष्म संन्यासाला निघालेल्या युधिष्ठिराला अडवतात, जग सोडून पळण्यात मोक्ष नाही आणि माणसाने आपले सुख ब्रह्मदेवाच्या लेखाने नव्हे तर स्वतःच्या बाहुबळाने मिळवले आहे असे सांगतात, तेव्हा मराठी वाचकाला मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’ची आठवण होते. लोकमान्यांच्या प्रवृत्तिपर विचाराविषयी दिनकरांना आदर होता आणि ‘संस्कृति के चार अध्याय’मध्ये त्यांनी त्याची दखल घेतली आहे. पुढे १९६२च्या चिनी आक्रमणानंतर, राज्यसभेत सत्ताधारी काँग्रेसचे सभासद असतानाच, त्यांनी ‘परशुराम की प्रतीक्षा’ लिहिले. त्यात ‘कुरुक्षेत्र’मधला भीष्म आहे, पण युधिष्ठिर कोठे दिसत नाही, आणि मला तो उणा वाटतो.

प्रश्न (पणजी) : हिंदी बोलता येते पण काव्य वाचण्याची सवय नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : तिसऱ्या सर्गापासून करावी, तो सर्वांत सोपा आहे आणि चाल चटकन बसते. लगेच पाचवा वाचावा, मधले काही वाचू नये. मग पहिल्यावर यावे आणि सरळ शेवटपर्यंत जावे. शब्द अडला तर थांबू नये, कारण हिंदी काव्यातले बहुतेक कठीण शब्द संस्कृत असतात आणि मराठी कानाला ते परके नसतात. ‘गरल’ म्हणजे विष, ‘शोणित’ म्हणजे रक्त, ‘स्वत्व’ म्हणजे हक्क, एवढे तीन शब्द आधी कागदावर लिहून ठेवावेत. आणि मनात न वाचता मोठ्याने वाचावे, शक्य तर समोर कोणाला तरी बसवून, म्हणजे एकाने भीष्म व्हावे आणि एकाने युधिष्ठिर.